घाईची किंमत आणि अज्ञानाची किंमत

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत शुक्रवारी संध्याकाळी सिग्नलपाशी, विजेच्या खांबांवर आणि रस्त्याच्या दुभाजकावर पन्हळी प्लॅस्टिकचे छोटे बोर्ड उगवतात. जाड मार्करने लिहिलेला मजकूर साधारण एकच असतो : आम्ही घरे घेतो, रोख, जशी असतील तशी. खाली फोन नंबर. शुक्रवार निवडण्याचे कारण सोपे आहे. असे बोर्ड लावायला बहुतेक शहरांत मनाई असते, पण ते काढणारी महापालिकेची माणसे शनिवार-रविवारी सुट्टीवर असतात. बोर्ड लावणाऱ्याला तेवढे दोन दिवस पुरतात. यातली गंमत अशी, की ‘आम्ही घरे घेतो’ म्हणणाऱ्याकडे बहुधा घर घेण्याइतके पैसे नसतात आणि घर घेण्याचा त्याचा इरादाही नसतो. तो असतो होलसेलर. मालकाशी खरेदीचा करार करायचा आणि त्या कराराचे हक्क खऱ्या गिऱ्हाइकाला विकून मधली रक्कम खिशात घालायची, हा त्याचा धंदा. अशी रक्कम सुटायची तर घर स्वस्तात देणारा मालक हवा. म्हणून या धंद्याचे बहुतेक कसब घरे शोधण्यात खर्च होत नाही. ते खर्च होते अडलेला मालक शोधण्यात. धंद्याच्या बोलीत त्याला ‘मोटिव्हेटेड सेलर’ म्हणतात.

व्यवहार कसा होतो ते एका कल्पित घरावरून पाहू. फिलाडेल्फियातले जुने, गळक्या छपराचे घर नीट दुरुस्त केले तर २ लाख डॉलरला जाईल, असे समजा. अशी घरे घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या गुंतवणूकदारांत ७० टक्क्यांचा एक ठोकताळा रूढ आहे : दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याहून जास्त द्यायचे नाही. म्हणजे १,४०,०००, त्यातून दुरुस्तीचे ४०,००० गेले की उरले १ लाख. होलसेलर मालकाशी ८५,००० ला करार करतो, शे-दोनशे डॉलर इसार देतो आणि गुंतवणूकदाराला सांगतो, माझा करार तू घे, मला १५,००० दे. करारात ‘घराची तपासणी समाधानकारक वाटली नाही तर खरेदीदार बाहेर पडू शकतो’ असे कलम घातलेले असते. मुदतीत गिऱ्हाईक मिळाले नाही तर ते कलम पुढे करून होलसेलर निघून जातो, आणि मालकाचे दीड-दोन महिने फुकट जातात. कायद्याचा आधार असा, की अमेरिकी कायद्यात खरेदीचा करार झाला की घेणाऱ्याला त्या मालमत्तेत एक प्रकारचा हितसंबंध मिळतो, आणि करारात मनाई नसेल तर तो दुसऱ्याला वर्ग करता येतो. होलसेलर म्हणतो, मी घर विकत नाही, माझा करार विकतो. म्हणूनच इस्टेट एजंटाचा परवाना न काढता ही उलाढाल वर्षानुवर्षे चालू राहिली.

आता अडलेला माणूस सापडतो कसा? तर सरकारी दफ्तरात. अमेरिकेत मालमत्तेच्या नोंदी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत असतात आणि त्यांतल्या बहुतेक कोणालाही पाहता येतात. मालमत्ता कर कोणी थकवला, कोणाच्या घरावर कर्ज देणाऱ्या बँकेने कारवाईची नोटीस लावली, कोणाच्या मृत्यूनंतर प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र व वारसा मंजूर करून घेण्याचा, अर्ज दाखल झाला, कोणाचा घटस्फोट कोर्टात आहे, पडवी मोडकळीला आली किंवा गवत माजले म्हणून कोणाला पालिकेने दंड केला, कोणत्या घरमालकाने भाडेकरूवर निष्कासनाचा दावा लावला, हे सगळे कागदावर असते. कराचे बिल ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता घराच्या पत्त्याहून वेगळा असेल तर मालक दुसरीकडे राहतो, हेही कळते. होलसेलर अशा याद्या काढतो किंवा विकत घेतो आणि एकमेकींवर ठेवून पाहतो. कर थकलेला, मालक परगावी, शिवाय प्रोबेट चालू, असे एकच नाव तीन याद्यांत आले की ते सर्वांत वर जाते. मग पैसे मोजून त्या माणसाचा चालू फोन नंबर शोधून काढतात. याच्या जोडीला गाडी घेऊन गल्लीबोळांतून फिरण्याची जुनी पद्धत आहेच : पत्रपेटी तुंबलेली, छपरावर निळी ताडपत्री, दारावर पालिकेची नोटीस दिसली की पत्ता टिपून घ्यायचा.

मग सुरू होते जाहिरात. तिचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे ‘यलो लेटर’, पिवळे पत्र. वकील वापरतात तसा रेघांचा पिवळा कागद, त्यावर लाल वा निळ्या शाईत हाताने लिहिल्यासारखा मजकूर : मला अमुक रस्त्यावरचे तुमचे घर घ्यायचे आहे, फोन करा. पाकीटही हाताने लिहिल्यासारखे. खरे तर अक्षर छापील असते आणि अशी पत्रे एका वेळी हजारोंनी निघतात. पण वाचणाऱ्याला वाटावे, की शेजारच्या कुणा जोडप्याला आपले घर आवडले आहे. शेकडो पत्रांमागे मोजकेच फोन येतात आणि त्या फोनांतून एखादाच करार होतो, म्हणून त्याच यादीला काही आठवड्यांनी पुन्हा पत्र जाते, नंतर पुन्हा. यामागचा हिशेब धंद्यात उघडपणे शिकवला जातो : जानेवारीत ज्याला विकायचे नव्हते त्याची नोटीस एप्रिलपर्यंत लिलावाच्या तारखेजवळ आलेली असेल. फोन आला की बोलण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी आपुलकीची चौकशी, मग विकण्याचे कारण, मग कधीपर्यंत पैसे हवेत, कर्ज किती शिल्लक आहे, आणि शेवटी, तुमची अपेक्षा काय? आकडा पहिल्यांदा मालकाच्या तोंडून काढायचा. मालकाला स्वतःहून फोन वा मेसेज करणे मात्र धोक्याचे असते : १९९१ च्या फेडरल कायद्यानुसार नियम मोडून केलेल्या प्रत्येक कॉलमागे किंवा मेसेजमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केला असेल तर १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. २००३ पासून ‘फोन करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवहीही आहे. साध्या टपालाला मात्र असा अडसर नाही. म्हणून ईमेलच्या जमान्यातही या धंद्याचा भर पोस्टावर राहिला.

हे सगळे वाचून दोन टोकांची मते होतात. एक, ही उघड लूट आहे. दुसरे, अडलेल्याला रोख पैसे मिळवून देणारी ही सेवा आहे. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत, कारण दोघेही बाजारभाव आणि मालकाच्या हाती पडलेली रक्कम यांतली तफावत एकच वस्तू समजतात. वरच्या उदाहरणात ते घर आहे त्या स्थितीत एजंटामार्फत उघड बाजारात टाकले असते तर १,३०,००० आले असते असे धरू. ६ टक्के दलाली गेली तरी मालकाला सव्वा लाखाच्या आसपास मिळाले असते. होलसेलरकडून मिळाले ८५,०००. ही तफावत साधारण ३७,००० डॉलरची. तिचे दोन भाग पाडायला हवेत. तीन महिने थांबावे लागले असते, त्या काळातला कर, विमा, कर्जाचे हप्ते, घर दाखवण्याची दगदग, ऐन वेळी गिऱ्हाइकाचे कर्ज नामंजूर होण्याची धास्ती, हे सगळे टळले. त्यासाठी समंजस माणूसही पाच-दहा हजार खुशीने सोडेल. ही घाईची किंमत. उरलेले पंचवीस-तीस हजार मालकाने सोडले, कारण १,३०,००० मिळू शकतात हेच त्याला माहीत नव्हते. ही अज्ञानाची किंमत. पहिला भाग घेणे हा व्यापार आहे. दुसऱ्या भागावर उभा राहिलेला धंदा मालकाच्या अज्ञानावर जगतो आणि ते अज्ञान टिकवण्यासाठीच खर्च करतो. कायद्याने आणि समाजाने दोन्हींना एकच वागणूक देणे चुकीचे आहे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाबद्दल जास्त आणि घेणाऱ्याला कमी माहिती असेल तर बाजारच बिघडतो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. इथे ती विषमता उलटी झाली आहे. स्वतःच्या घराबद्दल विकणाऱ्याला कमी कळते आणि घेणाऱ्याला जास्त. घर दुरुस्त झाल्यावर किती आणेल, दुरुस्तीला काय लागेल, गल्लीत गेल्या महिन्यात काय विकले गेले, हे होलसेलरला ठाऊक असते. वर मालकावर किती कर्ज आहे, कर किती थकला आहे, लिलाव कधी आहे, हेही त्याला यादीतून कळलेले असते. जुन्या मोटारीच्या बाजारात निदान गिऱ्हाइकाला विक्रेत्याची अडचण ठाऊक नसते. इथे घरापेक्षा अडचणच आधी हेरलेली असते.

आता होलसेलरांची बाजू नीट ऐकू, कारण तिच्यात दम आहे. काही घरे अशी असतात की त्यांवर बँक कर्जच देत नाही. सरकारी विम्याच्या एफएचए कर्जासाठी घर किमान राहण्याजोगे असावे लागते. छप्पर गळत असेल, हीटर बंद असेल तर सामान्य गिऱ्हाइकाची वाट तिथेच बंद होते आणि रोख पैसेवाला तेवढा उरतो. चार भावंडे चार राज्यांत, आईचे घर पाचव्या राज्यात, आत पन्नास वर्षांचे सामान, आणि आत येऊन झाडायलाही कोणाला वेळ नाही, अशा वारसांना ‘सामान तसेच ठेवा, पंधरा दिवसांत पैसे घ्या’ ही सोय मोलाची वाटते. रोख आणि झटपट खरेदी महाग पडते याचा पुरावाही आहे. झिलो या घरांच्या जाहिरातींच्या बड्या संकेतस्थळाने संगणकी अंदाजावर घरे थेट विकत घेण्याचा उद्योग केला आणि पुढचे भाव नीट ताडता येत नाहीत म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळला. एवढ्या माहितीचा साठा असलेली कंपनी जिथे तोंडघशी पडली, तिथे रोख देणाऱ्याने जोखमीपोटी घसघशीत सूट मागितली तर नवल नाही. पण हा युक्तिवाद गुंतवणूकदाराला लागू पडतो, होलसेलरला नाही. होलसेलर घर घेत नाही, त्यामुळे भाव पडण्याची जोखीमही घेत नाही. त्याचे काम शोधून देण्याचे आहे, पत्रांवर आणि फोनवर त्याचा पैसा खर्च होतो, आणि त्या कामाचा मोबदला त्याला मिळायला हवा. फक्त ते काम दलालाचे आहे. आणि दलाली नेहमी आकड्यात सांगितली जाते.

दुसरा आक्षेप असा, की विकणारा सज्ञान आहे, त्याने सही केली, विषय संपला. उघड बाजारात, वेळ असताना, दहा जणांना विचारून केलेल्या सहीला हे लागू आहे. पण अमेरिकेच्याच कायद्याने फार पूर्वी मान्य केले आहे, की घरात बसून विक्रेत्याच्या दबावाखाली केलेली सही वेगळी असते. घरी येऊन २५ डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू कोणी विकली तर गिऱ्हाइकाला कामाच्या तीन दिवसांत सौदा रद्द करण्याचा फेडरल हक्क आहे. त्या नियमातून स्थावर मालमत्ता मात्र वगळली आहे. परिणामी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून व्हॅक्यूम क्लीनर घेतला तर विचार बदलायला तीन दिवस मिळतात, आणि त्याच टेबलावर आयुष्यभराचे घर देऊन टाकले तर एक दिवसही नाही.

सही करणारे कोण असतात, हेही बघायला हवे. प्यू या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये दाखवले, की फिलाडेल्फियात १०,००० हून जास्त घरांची मालकी कागदोपत्री गुंतागुंतीत अडकली आहे. घरावर नाव मृत आजोबांचे, राहते नात, आणि वारसनोंद झालेलीच नाही. अशा घरांची एकूण किंमत १.१ अब्ज डॉलरच्या वर होती आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत त्यांचे प्रमाण जास्त होते. नाव लागत नाही म्हणून कर्ज मिळत नाही, दुरुस्तीचे अनुदान मिळत नाही, आणि घर यादीत वर सरकते. १९९६ मध्ये डॅलसमध्ये सुरू झालेल्या आणि ‘वी बाय अग्ली हाउसेस’ या घोषवाक्याने ओळखल्या जाणाऱ्या होमवेस्टर्स या कंपनीच्या काही फ्रँचायझींनी वृद्ध, आजारी आणि अगदी हलाखीतल्या मालकांना लक्ष्य केल्याचे प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये तपशिलासह छापले. त्यानंतर कंपनीने आपल्या नियमांत बदल केले. थकलेल्या करापोटी घर जाते म्हणजे सगळेच जाते, हा समजही असाच महागात पडतो. मिनेसोटातल्या जेराल्डिन टायलर या ९४ वर्षांच्या बाईंचे घर साधारण १५,००० डॉलरच्या येण्यापोटी काउंटीने ४०,००० ला विकले आणि वरची रक्कमही ठेवून घेतली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवले, की वरची रक्कम मालकाची. हे ज्याला माहीत आहे तो ‘नाहीतरी सगळे बुडणारच आहे’ या वाक्याला भुलत नाही.

राज्यांनी यावर तीन प्रकारचे उपाय केले आहेत. इलिनॉयने २०१९ मध्ये ठरवले, की बारा महिन्यांत एकाहून जास्त असे सौदे करायचे तर एजंटाचा परवाना हवा. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कराराची जाहीर विक्री परवान्याखाली आणली. फिलाडेल्फिया शहराने परवाना सक्तीचा केलाच, शिवाय मालकाला त्याचे हक्क लेखी कळवण्याची अट घातली. साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये नावावर नसलेल्या घराची अशी जाहिरात करून सौदा करण्यालाच प्रतिबंध केला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यात परवाना आहे, आपण होलसेलर आहोत हे सांगण्याची सक्ती आहे, आणि मालकाला ३० दिवसांपर्यंत किंवा खरेदीखत होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवर, करार मोडण्याचा हक्क आहे. घाईची किंमत आणि अज्ञानाची किंमत वेगळी करायची असेल तर हा शेवटचा मार्ग सर्वांत नेमका आहे. नुसत्या परवान्याने माणसाचे नाव नोंदले जाते, पण टेबलावरचे संभाषण बदलत नाही. बंदीने लबाडाबरोबर ते वारस आणि ते गळके घरही अडकते, ज्यांना खरोखर झटपट गिऱ्हाईक हवे असते. माहिती आणि मुदत दिली की खरी घाई असलेला मालक तरीही विकेल. ज्याची घाई केवळ पढवलेली होती तो चार ठिकाणी विचारून येईल.

यावर होलसेलर म्हणतात, दुकानदार तरी आपली खरेदी किंमत गिऱ्हाइकाला कुठे सांगतो? दुकानदाराने माल आपल्या पैशाने घेतलेला असतो, पडून राहिला तर तोटा त्याचा असतो. होलसेलर जे विकतो ते अजून मालकाचेच असते. तोटा झाला तर तो कलम दाखवून निघून जातो. कधी कधी तर कराराचा गोषवारा काउंटीत नोंदवून ठेवतो आणि मालकाला दुसरे चांगले गिऱ्हाईक मिळाले तरी विकता येत नाही अशी पाचर मारतो. जोखीम मालकाची आणि गुपित याचे, ही वाटणी दुकानदारीत बसत नाही. आणखी एक तक्रार असते, की असे नियम झाले तर भांडवल नसलेल्या होतकरू माणसाची धंद्यात शिरण्याची वाट बंद होईल. ती वाट मोलाची आहे हे खरे. पण घर गमावणाऱ्याकडेही बहुधा ते घर सोडून दुसरे भांडवल नसते. एका गरिबाच्या सुरुवातीचा खर्च दुसऱ्या गरिबाच्या शेवटच्या ठेवीतून काढायचा, हे समर्थन टिकत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात परके काही वाटणार नाही. इसार देऊन साठेखत करायचे आणि मुदतीत दुसरे गिऱ्हाईक गाठून खरेदीखत परस्पर त्याच्या नावे करून द्यायचे, ही पद्धत आपल्या जमीनव्यवहारांत जुनीच आहे. सातबाऱ्यावर पाच-सात वारसांची नावे, त्यातला एक कर्जात, ही खबर तलाठी कार्यालयाच्या आवारात लवकर पसरते. फरक कायद्यात आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते, की नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम २२ एखाद्या वारसाने हिस्सा विकायला काढला तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क देते. मात्र रेरा या स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम ९ ने एजंटांवर घातलेली नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. वडिलोपार्जित घर किंवा शेत विकणाऱ्या घरापर्यंत ती पोचत नाही. म्हणजे जिथे विकणारा सर्वांत एकटा असतो, तिथे संरक्षण आपल्याकडेही पातळच आहे.

कायदा सुधारेपर्यंत मालकाने काय करावे? चार प्रश्न पुरतात, आणि ते पत्र वाचूनच विचारता येतात. घर तुम्ही स्वतः घेणार की करार दुसऱ्याला देणार? पैसे तयार असल्याचा बँकेचा कागद दाखवाल? इसार किती आणि तुम्ही मागे फिरलात तर तो माझा राहील? सही करण्यापूर्वी आठवडाभर थांबाल? अमेरिकेत राहणाऱ्याला हेही माहीत असावे, की साधारणपणे हप्ते १२० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय बँकेला घरावर कारवाई सुरू करता येत नाही, आणि सरकारमान्य गृहसल्लागार त्या काळात मोफत किंवा अल्प शुल्कात मदत करतात. याच प्रश्नांनी होलसेलरचीही पारख होते. ज्याचे पत्र स्वतःच सांगते, की मी मध्यस्थ आहे, माझा वाटा इतका, एजंटालाही विचारून पाहा आणि तरीही लवकर पैसे हवे असतील तर मला फोन करा, त्याचे फोन कमी वाजतील. जे वाजतील ते खऱ्या घाईतल्या माणसांचे असतील आणि त्या सौद्यावर त्याला निश्चिंतपणे कमाई करता येईल. अशी माहिती दिली तर धंदाच बसेल, असे जो म्हणतो त्याने आपली कमाई कुठल्या भागातून येत होती, ते स्वतःच सांगून टाकलेले असते.